मदरशाचा न छापलेला अभ्यासक्रम



मगरिबची नमाज झाली की थोड्या वेळाने आमच्या मागच्या दाराची कडी वाजायची. साल १९८१ किंवा ८२ असेल. वाशिम तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १९९८ साली झाला. आम्ही अकोला जिल्ह्यातले. कडी वाजली की अम्मी चुलीपुढूनच म्हणायची, "जा, पोट्टं आलं पाहा." दारात दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभा असायचा. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात आखूड झालेला कुर्ता, हातात ॲल्युमिनियमचा डबा. गावातल्या एका मदरशात तो राहायचा. तिथे तेव्हा स्वयंपाकघर नव्हते. मुले घराघरांत वाटून दिलेली होती आणि आमच्या वाट्याला तो आला होता. मीही त्याच्याच वयाची.

डबा भरायला पाच मिनिटे लागत. भाकरी व्हायची असली तर वीस. तेवढा वेळ तो उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा राही, आणि मी समोर आले की मान आणखी खाली जाई. पाणी विचारले तर "नको" म्हणे. पाऊस असला म्हणजे अम्मी त्याला ओसरीवर घेई. एकदा मी डबा घेऊन आले तर ओसरीवर माझे बालभारतीचे पुस्तक उघडे पडले होते, माझ्या बाजूने सुलटे, त्याच्या बाजूने उलटे. तो पुस्तकाला हात न लावता उलट्या बाजूनेच वाचत होता. ओठ हलत होते. मला पाहताच थांबला. पुढे कळले, तो रिसोडकडच्या एका खेड्यातला, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथी पास झालेला.

दुसऱ्याच्या दारात उभे कसे राहावे, किती वेळ थांबावे, मिळेल त्याला कमी म्हणू नये, मराठी पुस्तक चोरून वाचावे, हे त्याला कोणत्या किताबातून शिकवले गेले होते? कोणत्याच नाही. पण शिकला मात्र पक्का.

१९६८ साली अमेरिकेत फिलिप जॅक्सन नावाच्या शिक्षणाच्या अभ्यासकाने 'लाइफ इन क्लासरूम्स' हे पुस्तक लिहिले. साध्या प्राथमिक शाळेच्या वर्गात जाऊन बसायचे आणि तिथे काय चालते ते टिपायचे, एवढेच त्याने केले. मुले गणित शिकतात, भाषा शिकतात. पण त्याहून जास्त वेळ ती थांबायला शिकतात, असे त्याला दिसले. रांगेत थांबणे, हात वर करून थांबणे, गर्दीत राहणे, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचा चेहरा वाचणे. याला त्याने छुपा अभ्यासक्रम म्हटले. मी ते नाव ऐकले आणि मला आमचे मागचे दार आठवले.

मदरसा म्हटले की आपल्याकडे वाद होतो तो पुस्तकांवरून. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी जी किताबांची घडी बसवून दिली, ती दर्से-निजामी. मुल्लासाहेब वारले १७४८ साली. यादीत भर पडली, गळती झाली, पण यादी तीच. ती बदला म्हणणारे आणि बदलू नका म्हणणारे सव्वाशे वर्षे भांडत आहेत. १८९८ साली लखनौला नदव्याचा दारुल उलूम सुरू झाला तो याच भांडणातून. शिबली नोमानींसारखा मोठा माणूस त्यात झिजला. मी त्या भांडणात पडत नाही, माझा तो अधिकारही नाही. मी साधी बी. ए. झालेली बाई, कविता लिहिते. मला बोलायचे आहे ते दोन किताबांच्या मधल्या वेळेविषयी. मुलगा उठतो कधी, जेवतो कुणाबरोबर, कोणत्या भाषेत हसतो, कुणापुढे गप्प बसतो. किताबांची यादी फारशी बदलली नाही, पण हा दिवस मात्र अनेकदा बदलला आहे, आणि दर वेळी कुणीतरी जाणूनबुजून बदलला आहे.

विषय केवढा, तेही सांगते. २००६ च्या सच्चर समितीने दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी साधारण तीनच टक्के मुले मदरशात जातात. लोकांना वाटते निम्मी जात असतील. मशिदीत सकाळ-संध्याकाळ तासभर कुराण शिकवणारे मकतब वेगळे. तिथली मुले दुपारी शाळेत असतात. पण गावोगावच्या मशिदींत इमामत कोण करतो, निकाह कोण लावतो, दर शुक्रवारी उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांसमोर उभा राहून कोण बोलतो? याच तिघांतला एखादा. म्हणून त्याचा दिवस हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या वऱ्हाडावर बहमनींचे राज्य असताना त्यांचा वजीर महमूद गवान याने बिदरला मदरसा बांधला. १४७२ सालचा तो. तीन मजली, निळ्या-हिरव्या कौलकामाने मढवलेला, आत मशीद, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि सुमारे तीन हजार ग्रंथांची लायब्ररी. विद्यार्थ्यांचे राहणे-खाणे फुकट. नऊ वर्षांनी, १४८१ मध्ये, सुलतानाने संशयावरून गवानचा शिरच्छेद करवला. पुढे १६९६ मध्ये, इमारतीत दारूगोळा साठवलेला असताना स्फोट झाला आणि अर्धी इमारत कोसळली. मदरशात दारू कुणी भरली? राज्यानेच. ज्याने बांधून दिले तोच उद्या कोठार करू शकतो, असा धडा त्या पडक्या मिनारात वाचता येतो. किताबात तोही नव्हता.

दुसरा नमुना खानकाहचा. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आपण सहलीत पाहिलेली असते. अठराव्या शतकातली ती. दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून तिथे पीठ दळले जाई, ते खानकाहमध्ये उतरलेल्या फकिरांसाठी, मुरीदांसाठी. तिथे शिकवणे म्हणजे राहणेच होते. पीराबरोबर उठणे, पाणी भरणे, आल्या-गेल्याला वाढणे. आपल्या मंगरुळपीरच्या नावातच पीर आहेत, आणि त्यांच्यात मोठे हयात कलंदर. तिथल्या उरुसात कोण कुणाच्या शेजारी बसून जेवते हे जो बघेल त्याला मी काय म्हणते ते कळेल.

तिसरा नमुना घराचा. फिरंगी महलात काय किंवा दुसरीकडे काय, जुन्या पद्धतीत विद्यार्थी उस्तादाच्या घरी जाई. किताब संपली की दुसऱ्या उस्तादाकडे. वर्ग नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. उस्ताद सनद देई ती त्या किताबाची आणि त्या विद्यार्थ्याची.

हे सगळे मोडून नवा दिवस बांधला तो देवबंदने. मे १८६६ मध्ये छत्ता मशिदीत, डाळिंबाच्या झाडाखाली, एक उस्ताद आणि एक विद्यार्थी बसले. दोघांचेही नाव महमूद. विद्यार्थी महमूद हसन पुढे शैखुल हिंद म्हणून ओळखले गेले. रेशमी रुमालाच्या कटात इंग्रजांनी त्यांना माल्टा बेटावर कैदेत ठेवले, सुटले १९२० साली. या मदरशात वर्ग होते, वर्षाचा ठरलेला अभ्यास होता, हजेरी होती, वार्षिक परीक्षा होती, बक्षिसे होती, छापील अहवाल होता. हे आले कुठून? बार्बरा मेटकाफ या अमेरिकन विदुषीने १९८२ साली देवबंदवर ग्रंथ लिहिला, त्यात तिने याचा माग काढला आहे. संस्थापक मौलाना कासिम नानौतवी यांचे उस्ताद ममलूक अली हे दिल्ली कॉलेजात शिकवत. ते कॉलेज कंपनी सरकारचे. म्हणजे सत्तावन्नच्या हाहाकारानंतर इंग्रजांपासून दीन वाचवायला निघालेल्या माणसांनी किताबा जुन्याच ठेवल्या, पण घंटा मात्र इंग्रजांची घेतली! मला यात काही वावगे वाटत नाही. उलट गंमत वाटते, आणि थोडा धीरही येतो. जो म्हणतो मदरशाचा दिवस अल्लाहच्या घरून ठरून आला आहे, त्याला सांगता येते की बाबा, तो दिल्ली कॉलेजातून आला आहे.

नानौतवींनी आठ उसूल घालून दिले. त्यातले एक मला फार महत्त्वाचे वाटते. मदरशाला कायमचे उत्पन्न नसावे, सरकारचा आणि श्रीमंतांचा हात त्यात नसलेला बरा, गरिबांच्या लहान लहान वर्गणीवर तो चालावा. अहवालात देणाऱ्यांची नावे छापली जात, मग देणे कितीही लहान असो. सुरुवातीला मुले मशिदींत राहत आणि गावातली घरे त्यांना जेवू घालत.

मी हे वाचले तेव्हा माझ्या मनातला एक काटा निघाला. तो डबा म्हणजे गरिबीची लाज आहे असे मी लहानपणापासून धरून चालले होते. तर तो डबा हे धोरण होते! राजाच्या कोठारातून आलेली पोळी खाऊ नका, शेजारणीच्या तव्यावरची खा. गवानच्या मदरशाचे जे झाले ते टाळायचे असेल तर याहून चांगला उपाय कोणता? मात्र उसूल लिहिणाऱ्याला जे दिसले नाही ते मला मागच्या दारातून दिसत होते. शेजारणीच्या दारात रोज वीस मिनिटे उभे राहणाऱ्या मुलाची मान पुढे आयुष्यभर किती वर येते, हा हिशेब अहवालात छापलेला नसतो. आणि ती शेजारीणही अहवालात नसते. वर्गणी अब्बांच्या नावावर, भाकरी अम्मीची.

देवबंदने आणखी एक गोष्ट केली. तिथे बंगालपासून पेशावरपर्यंतची मुले येत. शिकवण्याची भाषा उर्दू ठरली. त्यामुळे ती मुले एकमेकांशी बोलू लागली, हा केवढा फायदा. पण मदरशांचे जाळे पसरत आपल्याकडे आले तेव्हा ही सोय नियम होऊन आली. आमच्या अम्मीची बोली धड उर्दू नाही आणि धड वऱ्हाडीही नाही. इंग्रजी अमलात वऱ्हाडात उर्दू शाळा निघाल्या खऱ्या, पण त्या मोठ्या गावांत. खेड्यातले मुसलमान मूल मराठी शाळेतच जाई, आजही जाते. ते मदरशात आले की चार वर्षांत शिकलेली अक्षरे खुंटीला टांगून ठेवते.

डब्याचा तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला इमाम आहे. आपल्याच मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात त्याची मशीद आहे. नाशिकच्या मालेगावात नव्हे, वाशिमच्या. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेट झाली. "आपा, ओळखलं का?" म्हणाला. मी ओळखले नव्हते. त्याने डबा म्हटले आणि ओळखले. मग बराच वेळ बोललो. मी विचारले, मौलाना, मदरशातले काय आठवते? मला वाटले एखाद्या किताबाचे नाव घेतील. ते म्हणाले, "घरं आठवतात. ज्या घरचं दार लवकर उघडायचं त्या घरासाठी दुआ आपोआप निघायची."

दुसरे त्यांना आठवले ते ताट. घराघरांतले डबे आणून मुले एका मोठ्या परातीत ओतत आणि चौघे-चौघे एका परातीत जेवत. कुणाकडची अंबाडीची भाजी, कुणाकडचे वरण, कुणाच्या डब्यात वलीम्याचे मटण. बागवानाचा मुलगा, कसायाचा मुलगा, सय्यदाचा मुलगा, सगळ्यांची बोटे एकाच रश्श्यात. आमच्या समाजात बिरादऱ्या नाहीत असे जे व्यासपीठावरून सांगतात त्यांनी एकदा सोयरीक जुळवायला निघावे म्हणजे कळेल. पण त्या परातीत मात्र त्या खरोखरच नव्हत्या. मौलानांनी पुढे आपल्या मुलीचे लग्न बिरादरीबाहेर केले. बिरादरीत बोलणे झाले तेव्हा त्यांनी किताबाचा दाखला दिला नाही, परातीचा दिला.

तिसरी आठवण गुरुवारची. मदरशात सुटी शुक्रवारची. गुरुवारी रात्री इशानंतर अंजुमन भरते. मुलेच अध्यक्ष, मुलेच सूत्रसंचालक, एकेकाने उठून भाषण करायचे. बहुतेक निवासी मदरशांत ही रीत आहे. मोठ्या मदरशांत मुले हाताने लिहिलेला भित्तिपत्रकाचा अंकही काढतात. परीक्षेत याला गुण नाहीत. पण मशिदीमशिदींतून जे वक्ते तयार होतात ते इथे. "आज तहसीलदारासमोर मी न घाबरता उभा राहतो तो अंजुमनमुळे," मौलाना म्हणाले. "पण तिथं मराठीत बोलायची वेळ आली की जीभ जड होते. आमच्यात मराठीत भाषण करणारा मी कधी पाहिलाच नाही. मनाई नव्हती, आपा. आठवणच नव्हती."

मनाई नव्हती, आठवणच नव्हती. छुप्या अभ्यासक्रमाची इतकी नेमकी व्याख्या मला जॅक्सनसाहेबांच्या नावावरही सापडली नाही.

चौथी गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. वरच्या वर्गात 'हिदाया' नावाचा फिकहचा मोठा ग्रंथ असतो, बाराव्या शतकात फरगाण्याच्या मरगिनानींनी लिहिलेला. त्यात पानोपानी काय असते? इमाम अबू हनीफा असे म्हणतात; त्यांचे शिष्य अबू यूसुफ तसे म्हणत नाहीत; दुसरे शिष्य मुहम्मद आणखी वेगळे म्हणतात; मग प्रत्येकाची दलील. शिष्य गुरूचे म्हणणे खोडतात आणि ग्रंथ ते जपून ठेवतो, आठशे वर्षे. आणि हा ग्रंथ मांडीवर घेऊन बसलेला मुलगा उस्तादाच्या हातावर पाणी घालतो, त्यांच्या चपला सरळ करून ठेवतो, त्यात काही वाईट नाही, माझे अब्बाही आपल्या मास्तरांसमोर बसत नसत. पण तो मुलगा उस्तादाला प्रश्न विचारत नाही. विचारला तर उद्धट ठरतो, आणि त्या काळी तर छडीही बसे. छडीचे म्हणाल तर आमच्या मराठी शाळेतही ती होतीच; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत तिच्यावर बंदी आणली. प्रश्न छडीपेक्षा मोठा आहे. किताब सांगते, वाद घाल. दिवस सांगतो, गप्प बस. दोन्हींत मुलगा दिवसाचेच ऐकतो, कारण दिवस रोज येतो.

हे केवळ मदरशाचे आहे असे कुणी समजू नये. निवासी शिक्षणाची ताकद महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा ते स्वतः तिचे अध्यक्ष झाले, आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी जैन बोर्डिंगमध्ये होता. सोवळ्याच्या नियमावरून त्याला तिथून बाहेर पडावे लागले. बोर्डिंगच्या पुस्तकातून तो काय शिकला ते ठाऊक नाही. सोवळ्यातून जे शिकला त्यातून १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली आणि साताऱ्याचे बोर्डिंग उभे राहिले. तिथे महार, मराठा, मुसलमान मुले एका पंगतीला जेवत, आपापली भांडी घासत. पंगत हाच तिथला पहिला तास. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. बघा, इथेही स्वयंपाकघरच!

आणि आपल्या जिल्ह्यात? कारंजाला १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. स्थापना करणारे ब्रह्मचारी देवचंदजी, पुढचे मुनी समंतभद्र. त्यांनीच नंतर कुंभोजजवळ बाहुबलीला गुरुकुल काढले. धर्माचे शिक्षण आणि शाळेचे शिक्षण एकाच छपराखाली, एकाच दिवसात बसवायचे, हा त्यांचा विचार. आमच्या मदरशांपासून हे अंतर एस.टी.ने तास-दीड तासाचे. इतक्या वर्षांत आमच्याकडचा कुणी तिथे जाऊन दिवस कसा आखतात ते पाहून आला का? किंवा तिकडून कुणी इकडे? शेजार असून आपण एकमेकांचे वेळापत्रक वाचलेले नाही.

सरकारने काय केले? सरकारनेही यादीच हातात घेतली. महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आली. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, हिंदी, इंग्रजी, मराठी, उर्दू शिकवा, शिक्षकाचे मानधन आम्ही देऊ. २०१५ साली सरकारने सांगितले की हे विषय न शिकवणाऱ्या मदरशातली मुले शाळाबाह्य धरली जातील. मोठा गदारोळ झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये डी.एड. झालेल्या शिक्षकांचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार आणि बी.एड. झालेल्यांचे आठ हजारांवरून अठरा हजार करण्याचा निर्णय झाला. हे सगळे हवेच होते. पण नवा विषय दिवसात कुठे बसतो, हे शासन निर्णयातून कळत नाही. आणि नेमके तिथेच सगळे ठरते, हे मी अनुभवाने सांगते. ते सांगण्याआधी एका माणसाबद्दल बोलायला हवे.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुवा. आदिवासी मुलूख. तिथे १९७९-८०च्या सुमारास मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मुलांना घेऊन मदरसा काढला. पुढे त्याच संस्थेची शाळा, आय.टी.आय., फार्मसी, अभियांत्रिकी अशी कॉलेजे झाली. जालना जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयही झाले. वस्तानवी २०११ च्या जानेवारीत देवबंदचे मोहतमिम झाले, काही विधानांवरून वादळ उठले आणि जुलैत त्यांना जावे लागले. २०२५ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांच्या राजकारणावर मला बोलायचे नाही. पण हिफ्ज करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच आवारात पुस्तके छातीशी धरून चाललेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी दिसतो, तोही जुम्म्याच्या नमाजला त्याच्याच सफीत उभा राहतो. यासाठी दर्से-निजामीतली एक ओळही बदलावी लागली नाही. आवार बदलले. मुलींच्या निवासी मदरशांचेही तसेच आहे. नाशिकच्या मालेगावात जामियतुस सालेहातसारख्या संस्था आहेत. तिथल्या भिंती उंच आहेत, हे मला खटकते. पण भिंतींच्या आत हदीस शिकवणारी बाई असते. बाईच्या तोंडून हदीस ऐकलेली मुलगी घरी जाते तेव्हा भावाशी बोलताना तिचा आवाज बदललेला असतो, हेही मी पाहिले आहे.

आता माझा अनुभव. आमच्या भागातल्या एका मदरशाच्या मोहतमिमांनी दोन वर्षांपूर्वी मला निरोप पाठवला, हिफ्जच्या लहान मुलांना मराठी शिकवाल का? माझे वय आणि मुलांचे वय पाहून त्यांनी ही हिंमत केली. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. मी आनंदाने गेले. वेळ दिली होती असरनंतरची.

हिफ्जच्या मुलाचा दिवस कसा असतो सांगते. फजरच्या आधी उठायचे. मग सबक, म्हणजे नवा पाठ. नाश्त्यानंतर आधीचा पाठ, मग आमुख्ता, म्हणजे जुन्या पाऱ्यांची उजळणी. दुपारी जेवण, थोडी झोप. जोहरनंतर पुन्हा उजळणी. मगरिबनंतर उद्याची तयारी. मोकळा वेळ एकच, असर ते मगरिब. त्यात क्रिकेट, कपडे धुणे, केस कापणे, घरची आठवण काढणे. नेमका तोच तास मला दिलेला. मुले ओल्या बाह्यांनी येऊन बसत, नजर मैदानावर. वर्षभर मी शिकवले. त्यांना क-ख-ग आले. पण त्याहून पक्के हे आले की मराठी म्हणजे खेळ बुडवणारी गोष्ट. हे त्यांना मी शिकवले नव्हते, उस्तादांनीही नव्हते. तासाने शिकवले.

मी मोहतमिमांना म्हणाले, हाच तास सकाळी नाश्त्यानंतर द्या, आठवड्यातून दोनदा. ते विचारात पडले. हाफिज उस्ताद म्हणाले, "बाजी, सकाळचं डोकं कुराणासाठी ताजं असतं. पारे कच्चे राहिले तर जबाबदार कोण?" त्यांचे खोटे नव्हते. तीस पारे पोटात साठवायचे म्हणजे खेळ नाही, आणि ती मेहनत मला कमी लेखायची नाही. दोन महिने हे चालले. शेवटी ठरले ते असे: शाबानमधल्या वार्षिक परीक्षेपर्यंत तास सकाळी ठेवून पाहायचा. पारे कच्चे निघाले तर पुन्हा असरनंतर.

डब्याच्या मौलानांना मी हे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "आपा, तास मिळाला, आता गुरुवार मागा." मी गुरुवारही मागितला. अंजुमनमध्ये एक भाषण मराठीत.

पहिल्या गुरुवारी मंगरुळपीर तालुक्यातला बारा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. विषय त्यानेच निवडला होता, सोयाबीन. सुरुवात हम्दने झाली, मग तो पेरणीवर आला, मग पिवळ्या पडलेल्या पानांवर, मग मंडीतल्या भावावर. मागची मुले आधी हसली, मग हसायची थांबली, कारण बहुतेकांच्या घरी तेच होते. तीन मिनिटांत भाषण संपले. शेवटी काय म्हणायचे ते त्याला सुचले नाही, तो तसाच बसला. हाफिज उस्ताद भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी मान पुढे केली आणि मुलाला मराठीत विचारले, "तुमच्याकडं यंदा एकरी किती झालं?"

"चार पोते," मुलगा म्हणाला, आणि उभा राहून त्याने उस्तादांना विचारले, "तुमच्याकडं?"